नाकाच्या भरवशावर जगणारे गिधाड

नमस्कार. गिधाड म्हटले की खूप उंचावर घिरट्या घालत मेलेले जनावर हेरणारा पक्षी आपल्या डोळ्यांसमोर येतो, आणि आपल्याकडच्या गिधाडांपुरते ते चित्र बरोबरही आहे. आज मात्र मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, ते अमेरिका खंडांतले टर्की गिधाड दाट झाडीखाली, पाचोळ्यात पडलेला आणि वरून मुळीच न दिसणारा मेलेला प्राणी वासावरून शोधून काढते.

पक्ष्यांत ही गोष्ट इतकी विरळ आहे की बराच काळ ती कोणाला पटत नव्हती. प्रसिद्ध पक्षिचित्रकार ऑड्युबॉन यांनी १८२६ मध्ये आपल्या प्रयोगांच्या आधारे या गिधाडांना वास येतच नाही असे मांडले होते. उलट सिद्ध झाले ते १९६४ मध्ये, केनेथ स्टेगर यांच्या संशोधनातून, आणि त्याचा धागा मिळाला होता चक्क गॅसवाहिन्यांवर काम करणाऱ्यांकडून. वाहिनी जिथे फुटलेली असे, तिथे ही गिधाडे घिरट्या घालत. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला जो उग्र वास असतो, तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा असतो, आणि मांस कुजू लागले की हेच द्रव्य त्यातूनही सुटते. बिचारी गिधाडे मेजवानीच्या आशेने येत असणार!

या पक्ष्याचे डोके बाजूने पाहा. लालभडक, पिसे नसलेले, टर्की कोंबड्यासारखे. नावही त्यावरूनच पडले. दोन्ही नाकपुड्यांच्या मध्ये पडदा नसल्यामुळे चोचीतून आरपार पलीकडचे दिसते. उडण्याची ढबसुद्धा नाकाला साजेशी आहे. पंख किंचित वर उचलून, इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून, हे गिधाड झाडांच्या शेंड्यांवरून कमी उंचीवर डुलत डुलत तरंगते, कारण वास जमिनीलगतच गाठावा लागतो. काळ्या गिधाडांना असे तीव्र नाक नसते. ती उंचावरून याच्यावर लक्ष ठेवतात, मागोमाग उतरतात आणि पुष्कळदा शोधणाऱ्यालाच हुसकावून लावतात.

कॅनडाच्या दक्षिण भागापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, वाळवंट, जंगल, कुरणे आणि शेतजमीन असा त्याचा वावर आहे. वाहनांखाली सापडलेल्या प्राण्यांमुळे महामार्गही त्याला सोयीचे झाले आहेत. उत्तरेकडची गिधाडे थंडीआधी दक्षिणेला निघतात, आणि मेक्सिकोतील वेराक्रूझच्या आकाशातून दर शरद ऋतूत वीस लाखांच्या आसपास टर्की गिधाडे जातात. रात्री ती थव्याने वाळक्या झाडांवर किंवा मनोऱ्यांवर बसतात; सकाळी पंख पसरून उन्हाकडे पाठ करून बसतात आणि हवा तापून वर चढू लागली की उडतात. घरटे बांधण्याच्या फंदात ती पडत नाहीत. गुहेत, पोकळ ओंडक्यात किंवा पडक्या कोठारात जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालतात. स्वरयंत्र नसल्यामुळे फक्त फुत्कारतात आणि घुरघुरतात. कोणी फारच जवळ आले, तर त्याच्या अंगावर ओकतात.

दिसायला आपल्या गिधाडांसारखे असले, तरी त्याचे कूळ वेगळे आहे. भारतातील गिधाडांचा संहार करणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा त्याला उपद्रव होतो का, हे २००८ मध्ये तपासण्यात आले, तेव्हा आपल्याकडच्या जातींना मारक ठरणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून अधिक औषधही त्याने पचवले. शिसे मात्र त्याला पचत नाही. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या मांसात बंदुकीच्या गोळीचे बारीक तुकडे राहतात, आणि नाक जितके तरबेज, तितक्या लवकर हे गिधाड त्या मांसापर्यंत पोहोचते.