पॉमेरियनच्या केसांखालचे शरीर

श्रोतेहो, नमस्कार. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात पाळण्याजोगा कुत्रा म्हणून आपल्याकडे अनेक वर्षे पॉमेरियनला पसंती मिळत आली आहे. निमुळते तोंड, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी आणि अंगभर फुललेले केस पाहून त्याला उचलून घेण्याचा मोह कोणालाही व्हावा, असेच त्याचे रूप असते. आज मात्र मला त्या केसांखालच्या शरीराविषयी बोलायचे आहे, कारण त्याची ओळख नसल्यामुळे प्रेमाने वागवलेल्या कुत्र्यांनाही विनाकारण त्रास सोसावा लागतो.

या जातीला नाव मिळाले ते पोमेरेनिया या प्रदेशावरून. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा भाग आज पोलंड आणि जर्मनी या देशांत विभागलेला आहे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आपल्यासोबत मार्को नावाचा पॉमेरियन आणला, आणि तिच्या या आवडीमुळे लहान चणीचे पॉमेरियन जोपासण्याची चाल इंग्लंडमध्ये पसरली. शरीर पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, पण थंड मुलखातले केस तसेच राहिले. आपल्याकडे सर्रास पॉमेरियन म्हटला जाणारा पांढरा कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तो वजनाने पाच-सात किलोपर्यंत भरतो, तर खरा पॉमेरियन दोन-तीन किलोंचा असतो. देखभालीचे बहुतेक नियम मात्र दोघांनाही सारखेच लागू पडतात.

या केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, तर आतली लव दाट आणि मऊ असते. उन्हाळा लागला की अनेक जण मोठ्या कळवळ्याने कुत्र्याचे सगळे केस भादरून टाकतात. ही दया त्याला महागात पडते. वरचा थर त्वचेला उन्हापासून जपतो, आणि एकदा मशीन फिरवल्यावर पॉमेरियनचे केस कित्येकदा पूर्वीसारखे येतच नाहीत. कुठे नुसती लव वाढते, तर कुठे टक्कल राहते. पंजांखालचे आणि गुदद्वाराभोवतीचे केस कात्रीने बेताने कापावेत, आणि आतली सुटलेली लव विंचरून काढावी, म्हणजे अंगाला वारा लागतो. वरवर ब्रश फिरवून हे साधत नाही. एका हाताने केस उलटे वर धरायचे, त्वचेची रेघ दिसू द्यायची आणि तिथून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे केस विंचरत जायचे. कानामागे, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोटे घालून पाहावीत, कारण नेमक्या तिथे लवेच्या गाठी होतात. पावसाळ्यात त्या गाठींखाली ओल राहिली की त्वचा लाल होऊन चिघळते आणि गोचीडही तिथेच दडून बसतो. आंघोळीपूर्वी या गाठी सोडवल्या नाहीत, तर पाणी लागल्यावर त्या आवळत जातात. म्हणून आधी विंचरावे, मग आंघोळ घालावी, आणि नंतर लव मुळापर्यंत कोरडी करावी.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकूनच तो शरीरातली उष्णता बाहेर टाकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात त्याला फिरायला न्यायचे तर सूर्य वर येण्यापूर्वी किंवा रस्ता निवल्यावरच न्यावे. डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू काही क्षणही टेकवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही तो चटका सोसत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर जाऊन जीभ गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली आणि चाल डगमगू लागली, तर त्याला बर्फात न ठेवता साध्या पाण्याने भिजवावे, पंख्याखाली घ्यावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

लहान शरीराची आणखी काही दुखणी असतात. या जातीची श्वासनलिका नाजूक असल्यामुळे गळपट्ट्याला हिसका बसला की काहींना हंसासारख्या आवाजाचा कोरडा खोकला सुरू होतो. म्हणून साखळी छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला अडकवावी. गुडघ्याची वाटी सरकण्याची खोडही यांच्यात पुष्कळ आढळते. चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पायांवर दोन उड्या मारायच्या आणि पुन्हा नीट चालू लागायचे, हे पाहून घरचे कौतुकाने हसतात, पण ते वाटी सरकल्याचे लक्षण असू शकते. अशा कुत्र्याला पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत, आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी.

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरांतली दूध-पोळीची सवय मला मुद्दाम बोलून दाखवावीशी वाटते. कुत्र्याला मांस किंवा अंड्यातून मिळणारी प्रथिने पोळीतून मिळत नाहीत, आणि वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट यांपासून त्याला दूर ठेवावे. तीन किलोंच्या प्राण्याला आपल्या ताटातला छोटासा घासही मोठा असतो. दातांचीही तशीच गोष्ट आहे. या बुटक्या जबड्यात दुधाचे दात पुष्कळदा न पडताच राहतात, त्यांच्या आड अन्न अडकते आणि कीटण लवकर साचते. कुत्र्यांसाठीच्या पेस्टने घासण्याची सवय पिल्लूपणीच लावली, तर पुढे भूल देऊन दात काढण्याची वेळ टळू शकते.

पिल्लू आणण्याच्या विचारात असलेल्यांना एवढेच सांगायचे आहे की, २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. त्याची आई डोळ्यांनी पाहावी, आणि तळहातावर मावेल इतके लहान पिल्लू म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. असे पिल्लू काही तास उपाशी राहिले तरी रक्तातली साखर उतरून ते गळून पडते. तसे झाले आणि त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काही ओतू नये. हिरड्यांना मध चोळावा आणि लगेच पशुवैद्याकडे धाव घ्यावी.