खोली खाडीच्या कुठल्या बाजूला?

(दृश्य: नेरूळ, संध्याकाळ. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा.)

नवी मुंबईत राहणाऱ्या बहुतेक घरांत हा फोन येतो. कधी नांदेडहून, कधी सावंतवाडीहून. आमच्याकडे परवा कोल्हापूरहून आत्याचा आला. "काय गं, नातीला जर्मनीला जायचंय. रात्री अडीचचं विमान आहे. आम्ही सहा जण येतोय सोडायला. हॉटेल एअरपोर्टजवळ घेऊ, की शहरात?"

मी आधी म्हटलं, घरी या. आत्या म्हणाली, "तुमच्या दोन खोल्यांत तुम्ही चौघं, त्यात आम्ही सहा, शिवाय पोरीच्या बॅगा. नको बाई." मग मी तिला उलट विचारलं, "आत्या, कुठलं एअरपोर्ट? आणि कुठलं शहर?"

फोनवर ती क्षणभर गप्प झाली. आज त्या दोन प्रश्नांबद्दलच बोलायचं आहे.

(दृश्य: वाशीचा खाडीपूल. लोकल जाते आहे, खाली भरतीचं पाणी.)

पूर्वी "मुंबईचं एअरपोर्ट" म्हटलं की विषय संपायचा. सहार, सांताक्रूझ, अंधेरी, काहीही म्हणा, जागा तीच. 25 डिसेंबर 2025 पासून तसं राहिलेलं नाही. त्या दिवशी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. आता दोन विमानतळ आहेत, मध्ये खाडी आहे, आणि रस्त्याने दोन्हींत साधारण 35 ते 40 किलोमीटरचं अंतर आहे. बुकिंगच्या ॲपवर मात्र "एअरपोर्टजवळ" एवढंच ठळक अक्षरात लिहिलेलं असतं.

म्हणून खोली शोधण्याआधी तिकीट उघडा आणि तीन अक्षरं वाचा. बी, ओ, एम असेल तर विमान सहारच्या बाजूचं. एन, एम, आय असेल तर आमच्या बाजूचं, उलवे-पनवेलकडचं. आणि जातानाचं तिकीट एका विमानतळाचं, येतानाचं दुसऱ्याचं, असंही होऊ शकतं. दोन्ही तिकिटं वाचा.

(दृश्य: उलव्याच्या बाजूने दिसणारं टर्मिनल. रस्त्याकडेला कांदळवन.)

नव्या विमानतळाभोवती फिरताना एक गोष्ट जाणवते. सहारच्या आसपास हॉटेलांची अख्खी वस्ती आहे आणि ती एका दिवसात झालेली नाही. जुन्या माणसांना सांताक्रूझचं सरकारी सेंटॉर हॉटेल आठवत असेल, आजचं सहारा स्टार. तेव्हापासून एकेक करत ती वस्ती वाढत गेली. इथे तर कालपरवापर्यंत उलव्याचा डोंगर होता. तो फोडला, नदी वळवली, आणि दहा गावं उठवली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली, ही नावं आमच्याकडे आजही लोक हळवं होऊन घेतात. ज्यांच्या अंगणावर धावपट्टी झाली, त्यांच्या मुलांना या विमानतळाभोवतीच्या धंद्यात पहिला वाटा मिळाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तर मुद्दा असा की "नवी मुंबई विमानतळाजवळ" म्हणून जी हॉटेलं दिसतात, त्यातली बरीचशी खरं तर बेलापूर, खारघर, पनवेल इथली आहेत. म्हणजे "जवळ" याचा अर्थ सात-आठ ते दहा-बारा किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर हे अंतर काहीच नाही. पण पिशव्या उचलून चालत जाऊ, असं मनात धरून येऊ नका. उरणच्या लोकलने तरघर स्टेशन गाठता येतं, पण त्या मार्गावर गाड्यांच्या फेऱ्या मोजक्या आहेत. एक गेली तर दुसरी लगेच येईल, हा हार्बर लाइनच्या लोकलवरचा भरवसा इथे धरू नका. वेळापत्रक बघूनच निघा.

(दृश्य: दादर स्टेशन, फुलबाजाराकडचा पूल. मग बेलापूरचं कोकण भवन. मग वाशीची एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार, टेम्पोतून उतरणाऱ्या गोण्या.)

आता दुसरा प्रश्न. शहर, म्हणजे कुठलं?

हॉटेलांच्या जाहिरातीत "शहराच्या मध्यभागी" म्हणजे बहुतेक वेळा फोर्ट किंवा कुलाबा. नकाशात पाहिलं तर ते मुंबईचं दक्षिण टोक आहे, समुद्रात शिरलेलं. ज्याचं काम मंत्रालयात आहे, त्याला ते टोकच जवळ. एके काळी गावाकडचा माणूस आमदारांची चिठ्ठी घेऊन आमदार निवासात उतरायचा, तो याचसाठी. आपल्या मराठी माणसाचा मध्य मात्र दादर. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे भेटतात आणि सिद्धिविनायक हाकेच्या अंतरावर आहे.

पण अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत असेल तर मध्य बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून विभागीय आयुक्तांकडे काम घेऊन आलेल्याचा मध्य बेलापूरचं कोकण भवन. त्याने कोकण रेल्वेने पनवेलला उतरावं आणि बेलापुरातच लॉज घ्यावा. खाडी ओलांडायचं त्याला कारणच नाही. कांद्याचा व्यापारी वाशी-तुर्भ्याला उतरतो. नाशिककडून येणाऱ्याने ठाण्याचा विचार करावा. ठाणे म्हणजे काही लांबचं उपनगर नव्हे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली, ती ठाण्यालाच आली होती. शिवाय ठाण्याहून ऐरोली, घणसोलीमार्गे वाशीला ट्रान्सहार्बर लोकल अर्ध्या तासात पोचते. एका मुक्कामात ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडची कामं होतात.

(दृश्य: पहाट. परळ स्टेशन. फलाटावर बाकावर बसलेली बाई, मांडीवर फाइल.)

इथे मला आमच्या काका-काकूंचं सांगायचं आहे. याच प्रसंगामुळे मी या विषयाकडे गंभीरपणे बघायला लागले.

काकूंची तपासणी होती. डॉक्टरांनी "टाटा"ला पाठवलं, एवढंच घरात सगळ्यांच्या कानावर होतं. काकांनी गावाकडूनच परळला खोली ठरवली. टाटा हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटं, भाडं जास्त, पण काकूंना चालवत नव्हतं म्हणून त्यांनी ते दिलं. रात्री पोचले. झोपण्याआधी काकांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला, आणि मला फोन केला. "खारघर म्हणजे किती लांब गं?"

टाटा मेमोरियल सेंटरचं मोठं केंद्र खारघरलाही आहे. ॲक्ट्रेक म्हणतात त्याला. काकूंना सकाळी आठला तिथे हजर व्हायचं होतं. त्यांनी पहाटे परळहून गाडी धरली, कुर्ल्याला उतरले, पूल चढले, पूल उतरले, हार्बरची गाडी पकडली, खारघरहून रिक्षा केली. मी गेटवर उभी होते. काकू रिक्षातून उतरल्या आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, त्यात तो कुर्ल्याचा जिना.

चूक कुणाचीच नव्हती. कागदावर पत्ता स्वच्छ छापलेला होता. आम्हीच घरात सगळ्यांनी एक शब्द ऐकला आणि बाकीचं गृहीत धरलं. तेव्हापासून दवाखान्यासाठी कुणी येणार असलं की मी आधी कागदाचा फोटो मागते. पत्ता परळचा आहे की खारघरचा, ते स्वतः वाचते. मगच खोलीचं बोलते.

आणि परळचाच पत्ता असेल, मुक्काम लांबणार असेल, तर हॉटेलाआधी नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे चौकशी करा. जागा मिळेलच असं नाही. पण गावोगावच्या हजारो रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी तिथे पाठ टेकली आहे. उपचार महिनाभर चालला तर हॉटेलचं भाडं औषधांच्या पैशांतून जातं.

(दृश्य: सहारचा उड्डाणमार्ग, रात्र. टर्मिनलबाहेर हार घालून घेणारी मुलं.)

मग एअरपोर्टजवळचं हॉटेल कुणी घ्यावं? ज्याचं विमान पहाटे चार-पाचला आहे, त्याने जरूर घ्यावं. साधारण एक ते चारच्या मध्ये लोकल बंद असतात, मेट्रोही रात्री उशिरा आणि पहाटे नसते. जो मध्यरात्री उतरून सकाळी दुसरं विमान पकडणार आहे, त्यानेही घ्यावं. सोबत लहान बाळ किंवा थकलेलं माणूस असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी बिचकू नका. मात्र ठरवण्याआधी फोन करून विचारा की विमानतळापर्यंत त्यांची गाडी आहे का, रात्री दोनला असते का, आणि तिचे पैसे वेगळे आहेत का. काही ठिकाणी दिवसाच्या काही तासांपुरती खोली मिळते, तेही विचारा.

भाड्यात कराचाही हिशोब धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर 18 टक्के. 7,400 ची खोली करासकट 7,770 ला पडते आणि 7,600 ची जवळजवळ 9,000 ला.

पावसाळ्यात मात्र माझं मत पक्कं आहे. जुलैत सहारहून विमान असेल आणि तुम्ही खाडीच्या आमच्या बाजूला असाल, तर आदल्या रात्रीच पलीकडे जाऊन राहा. चुनाभट्टी, कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं की हार्बर थांबते आणि सायन-पनवेल रस्त्यावर गाड्या तुंबतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. इतर ऋतूंत रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात ती वेळ, तेवढी आधी बघून ठेवा.

(दृश्य: नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम. रात्रीचे दिवे, निळ्या जर्सीतल्या मुली.)

नवी मुंबईत खोली घेणाऱ्यांनी आणखी एक तारीख तपासावी, स्टेडियमची. जानेवारी 2025 मध्ये इथे कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. 2 नोव्हेंबर 2025 ला इथेच भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या मध्यरात्री आमचं नेरूळ झोपलंच नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण अशा दिवशी वाशीपासून बेलापूरपर्यंत खोली मिळणं मुश्कील होतं आणि भाव चढतात. तेव्हा ठाणे किंवा पनवेल बघावं.

(दृश्य: पुन्हा नेरूळचं घर. टेबलावर वही, त्यावर पेनने काढलेला नकाशा.)

तर आत्याचं काय ठरलं?

तिने तिकीट शोधून अक्षरं वाचून दाखवली. "बी... ओ... एम." म्हणजे सहार. विमान रात्री अडीचला, म्हणजे साडेअकराला टर्मिनलवर. पोरीला आत सोडून बाकीचे बाहेर पडणार साडेबारा-एकला. मी विचारलं, "आत्या, सकाळी काय?" ती म्हणाली, "सिद्धिविनायकाला जाऊन मगच कोल्हापूरला निघायचं. पोरगी तोवर पोचलेलीही नसेल, पण माझ्या जिवाला बरं वाटेल."

मग मला उत्तर मिळालं. यांना झोपायला खोली हवी आहे ती विमानानंतर, विमानाआधी नव्हे. दुपारी दोनला खोली ताब्यात मिळते, दुसऱ्या दिवशी अकरा-बारापर्यंत राहते. त्या एकाच दिवसाच्या भाड्यात दुपारी प्रवासाचा शीण जाईल, बॅगांची वजनं पुन्हा बघून होतील आणि रात्री परत येऊन झोपता येईल. म्हणजे खोली दादरला. सहारहून दादर, रात्री एकला, अर्ध्या तासाच्या आत. सकाळी देऊळ जवळ. अंधेरीला राहिले असते तर रात्री पंधरा-वीस मिनिटं वाचली असती आणि सकाळच्या गर्दीत तासभर गेला असता.

फक्त गाडी त्यांची स्वतःची आहे आणि दादरला गाडी लावणं ही मोठी अडचण. म्हणून पार्किंग आहे का, ते आधी विचारायचं आणि मगच पैसे भरायचे. दोन हॉटेलांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने हो म्हटलं, पण एकाच गाडीला. आत्या म्हणाली, "एकच आहे."

जाताना ती मंडळी वाशीच्या पुलावरून जाणार. टोलनाक्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याकडेला, मी डबा घेऊन उभी राहणार आहे. पोरीला मेथीचे ठेपले आवडतात.