पट्टा आवळणारे हात

(दृश्य: जहाजाचा मागचा रॅम्प, आत शिरणाऱ्या गाड्या)

परदेशी निघालेली नवी मोटार सहसा क्रेनने उचलली जात नाही. ती स्वतःच्या चाकांवर जहाजात शिरते. धक्क्यावर टेकलेल्या या रॅम्पवरून एकामागून एक गाड्या आत जातात आणि त्या नेऊन लावणारे चालक व्हॅनमध्ये बसून पुढच्या गाड्या आणायला परततात. त्यांच्या हातात घड्याळ नसते आणि कमरेला उघडे बक्कल नसते, कारण गाडी एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात जाताना तिच्यावरचा बारीकसा ओरखडाही नोंदला जातो. त्याच वेळी काचेखालचा सतरा अक्षरांकांचा वाहन क्रमांक वाचला जातो.

(दृश्य: डेकवरील लॅशिंग)

मोठ्या वाहनवाहू जहाजात असे बारा-तेरा डेक, म्हणजे मजले, असतात. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम हात शिरेल एवढीच जागा ठेवलेली असते आणि त्या फटीत वाकून, गुडघ्यांवर बसून हे कामगार लॅशिंग, म्हणजे गाड्या पट्ट्यांनी डेकला बांधण्याचे काम, करतात. पट्ट्याचे एक टोक गाडीच्या ओढकडीत, दुसरे डेकवरील छिद्रात अडकवायचे, मग ताण देऊन आवळायचे. ताण कमी पडला तर गाडी लाटेबरोबर सरकते, आणि एक सरकली की शेजारचीही सुरक्षित राहत नाही. गाडी ज्या देशात जाणार तेथील नियमांनुसार दिवे आणि ब्रेक तपासल्याचे कागद तिच्यासोबत असतात. वाहनांच्या नियमांविषयीच्या १९५८च्या जिनिव्हा करारामुळे अनेक देश परस्परांनी दिलेली मान्यता स्वीकारतात, अमेरिकेचे नियम मात्र वेगळे आहेत. या साऱ्या कागदांत पट्टा आवळणाऱ्याचे नाव कोठेही नसते, आणि ते असायला हवे, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: सुट्या भागांच्या पेट्या)

सुटे भाग मात्र कंटेनरमधून जातात. लोखंडी भागांना गंजरोधक कागदात गुंडाळतात, आणि लाकडी पेटीवरील हा शिक्का सांगतो की लाकडाला कीडनाशासाठी प्रक्रिया दिलेली आहे. उष्णतेने केली असल्यास लाकडाच्या गाभ्यात किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते. शिक्का नसेल तर पेटी बंदरावरच अडते.

(दृश्य: कलंडलेल्या जहाजाचे संग्रहित छायाचित्र)

जुलै २००६मध्ये जपानहून उत्तर अमेरिकेकडे निघालेले ‘कूगर एस’ हे जहाज अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेला, तोलपाणी (जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेले पाणी) बदलत असताना, सुमारे ६० अंशांनी कलंडले. आत ४,७०० हून अधिक गाड्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेकींना पट्ट्यांनी त्या उतारावरही जागच्या जागी धरून ठेवले. खलाशी वाचले, बचावकार्यातील एका तज्ज्ञाचा जीव गेला, आणि माझ्दा कंपनीने जहाजावरील आपल्या साऱ्या गाड्या पुढे मोडीत काढल्या.

(दृश्य: दुसरे बंदर, पट्टे सोडणे)

उतरवण्याच्या बंदरात कामाचा क्रम उलटा होतो. आधी पट्टे सुटतात, मग चाके हलतात. सोडलेले पट्टे तपासले जातात, उसवलेले बाजूला काढले जातात आणि उरलेले पुढच्या फेरीच्या गाड्यांसाठी त्याच डेकवर ठेवले जातात.