मुंबई पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजीकडे शिसवी फणेरपेटी होती. झाकण उघडलं की आतला आरसा तिरका उभा राहायचा. पुढ्यात लहान लहान कप्पे. एकात मेण, एकात कुंकू, एकात फणी, आणि तळाच्या कप्प्यात कापसात गुंडाळलेली नथ आणि मोत्यांच्या कुड्या. आजी गेली तेव्हा नथ कुणाला, कुड्या कुणाला, हे घरात नीट बसून ठरलं. पेटीचं नाव कुणी काढलं नाही. ती माळ्यावर गेली आणि पुढे घर बदलताना भंगारात. त्याची चुटपुट अजून आहे. तेव्हापासून जिथे जुनी पेटी दिसेल तिथे मी थांबते. त्यांतल्या एकीबद्दल आज बोलणार आहे. इंग्रज तिला ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत. आपण मुंबई पेटी म्हणू.

एकोणिसाव्या शतकात सुरतेत आणि मुंबईत या पेट्या होत असत. कुणी दागिने ठेवायला घेई, कुणी शिवणाचं सामान, कुणी दौत आणि कागद. अंग चंदनाचं असे, म्हणून झाकण उघडताच वास येई. आणि वरून ताऱ्यांची, षटकोनांची इतकी बारीक नक्षी, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कुंचल्यानं काढलेली वाटावी. तिथे कुंचला लागलेलाच नसतो. ते सगळं जडवकाम आहे. त्याला सदेली म्हणतात.

हे काम कसं करतात ते रेडिओवर सांगायचं, तर मी तुम्हाला स्वयंपाकघरात नेते. अळूवडीचा उंडा आठवा. वाफवून गार झाला की आपण तो आडवा कापतो, आणि प्रत्येक वडीवर तेच वेटोळं उमटतं. सदेलीची युक्ती अगदी हीच. हस्तिदंत, काळं आबनूस, पतंग नावाच्या झाडाचं तांबूस लाकूड, हिरवं रंगवलेलं हाड किंवा शिंग, आणि चकाकीसाठी कथील. या प्रत्येकाच्या लांब, बारीक कांड्या करायच्या. कुठली तिधारी, कुठली चौकोनी. मग त्या नक्षीच्या हिशेबानं एकमेकींना लावून, मध्ये सरस घालून, दोऱ्यानं करकचून बांधायच्या. सरस वाळला की त्यांची एक घट्ट जुडी होते. बाहेरून पाहिलं तर नुसती काठी. ती बारीक करवतीनं आडवी कापली की प्रत्येक चकतीवर एक आख्खा तारा. अशा पातळ चकत्या शेजारी शेजारी चंदनावर चिकटवायच्या, घासायच्या, झिलई द्यायची.

यातली खरी कसोटी मला कापण्यात दिसत नाही, ती कांड्या घासण्यात आहे. सहा कांड्यांच्या टोकांनी मधोमध एका बिंदूत भेटायचं, तर प्रत्येकीचा कोन तंतोतंत हवा. एकीचा कोन जरा बिघडला तर फट राहते, आणि ती फट पुढच्या प्रत्येक चकतीवर दिसते. भरतकामात चुकलेला टाका उसवता येतो. इथे सरस वाळल्यावर काही उसवता येत नाही.

ही विद्या मूळची इराणची. शिराझहून सिंधमार्गे ती मुंबईकडे आली, असं भारतीय कलांचे इंग्रज अभ्यासक जॉर्ज बर्डवूड यांनी नोंदवून ठेवलं आहे. इराणात याच पद्धतीच्या कामाला ‘खातम’ म्हणतात आणि शिराझ त्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सुरतेच्या आणि मुंबईच्या पारशी कारागिरांनी ते नावारूपाला आणलं. सुरतेत हिंदू घराण्यांनीही केलं. ‘पेटीगरा’ हे आडनाव तुम्ही ऐकलं असेल. पेट्या करणारे ते पेटीगरा. वस्तू विस्मरणात गेली तरी कारागीर असा आडनावात राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या महालात जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. मुंबईचं हे काम तिथे मांडलं होतं. विलायतेत मागणी होतीच. इथे नोकरीला आलेली इंग्रज कुटुंबं परतताना पेटी घेऊन जात. पण तिकडच्या कोरड्या, शेकोटीनं तापलेल्या खोल्या त्यांना मानवल्या नाहीत. लाकूड आकसतं, हस्तिदंत आणि धातू तितके आकसत नाहीत, मग तारे एकेक करून निखळतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. या सौंदर्याखाली हत्तीचा जीव आहे. मुंबई हे तेव्हा हस्तिदंताच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं आणि पूर्व आफ्रिकेतून दात इथे उतरत. वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन १९८६ साली भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला, १९९१ साली आफ्रिकेतल्या दाताचाही. योग्यच झालं. सुरतेत आज जी मोजकी घरं सदेली करतात, ती प्लॅस्टिक आणि लाकडावर भागवतात. पांढरा रंग दाताचा नसला तरी कांड्या तशाच घासाव्या लागतात आणि सहा टोकं तशीच भेटवावी लागतात.

तुमच्या घरात कुठे अशी पेटी असेल, तर ओल्या फडक्यानं पुसू नका. जुन्या सरसाला पाणी सोसत नाही. उन्हात ठेवू नका. आणि एखादा तारा निखळला, तर केरात जाऊ देऊ नका. कागदाच्या पुडीत घाला आणि त्याच पेटीत ठेवा, नथीशेजारी.

नमस्कार.