डोळ्यामागची लाल पट्टी पुरेशी नाही

श्रोतेहो, नमस्कार. ग्वाल्हेरच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत हिरवं छोटं कासव मागितलं, की बहुधा ‘रेड इअर’ म्हणून, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर जातीचं म्हणून, हातात येतं. विकणारे आणि पाळणारे, दोघांनाही विनंती आहे: नाव लिहिण्याआधी कासव उलटं करून पाहा.

शेवाळ धुवा, दोन्ही हातांनी कडेला धरा आणि दिवसाच्या उजेडात पोट बघा. तिथे बारा खवले असतात. प्रत्येकावर गडद डाग आणि डोळ्यामागे रुंद लाल पट्टा असेल, तर ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स, म्हणजेच रेड इअर. पोट पिवळं, डाग बहुतेक पुढच्याच खवल्यांवर आणि डोळ्यामागे पिवळा ठसा, तर यलो-बेलीड, म्हणजे स्क्रिप्टा स्क्रिप्टा. तिसरी उपजात ट्रूस्टी, म्हणजे कंबरलँड. तिची पट्टी अरुंद असते आणि पायांवरच्या रेघा कमी पण जाड. हिच्या बाबतीत रंगावर जाऊ नका, पट्टीची रुंदी बघा. म्हातारे नर काळे पडतात, पट्टीही पुसट होते. त्यांचं नाव नुसत्या डोक्यावरून ठरवू नये.

बंदिवासात या तिन्ही उपजातींचा सहज संकर होतो. लाल पट्टी आहे आणि पोट जवळजवळ कोरं, असं पिल्लू आलं तर पावतीवर ‘ट्रॅकेमिस स्क्रिप्टा, संकर’ लिहा. मूळ ठाऊक नसताना उपजातीचं तिसरं नाव जोडणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच.

या नावांवर कायदेही चालतात. युरोपीय संघाने 1997 मध्ये फक्त एलेगन्सची आयात थांबवली. व्यापारी लगेच बाकीच्या दोन उपजातींकडे वळले. शेवटी 2016 मध्ये अख्खी प्रजातीच बंदीच्या यादीत घालावी लागली.

आपल्याकडची चूक याहून गंभीर ठरू शकते. पंगशुरा टेक्टा या आपल्या नदीतल्या कासवाच्याही डोळ्यामागे लालसर चंद्रकोर असते. पाठीच्या मधोमध बोट फिरवा: कणा छपरासारखा उंच आणि तिसऱ्या खवल्यावर टोक लागलं, तर ते स्लायडर नव्हे. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विकणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हा. असं कासव दिसलं तर परस्पर चंबळेत सोडू नका, वनविभागाला कळवा. आणि नकोसं झालेलं स्लायडर तिघरा धरणात तर अजिबात सोडू नका. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात.