होडीवरची दुर्बीण

नमस्कार. मासेमारीबंदी उठायला दोन आठवडे उरलेत. जेट्टीवर ट्रॉलरना रंग लागतोय, जाळी दुरुस्त होतायत. या दिवसांत तुम्ही वेळ काढून आलात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. टेबलावर तीन दुर्बिणी ठेवल्या आहेत. बोलणं झालं की त्या तुमच्याच हातात द्यायच्या आहेत.

आधी एक प्रसंग सांगतो. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी माझी छोटी होडी घेऊन ग्रँड आयलंडहून पणजीकडे परतत होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. गळ्यात नवी कोरी दुर्बीण होती, एका दुकानातून घेतलेली. २० पटीपासून ५० पटीपर्यंत झूम होते, असं तिच्यावर लिहिलेलं. दुकानदारानं रस्त्यापलीकडच्या इमारतीवरची पाटी दाखवली होती, अक्षरं हातभर मोठी दिसली आणि मी पैसे मोजले. काबोच्या टोकाजवळ पुढे पाण्यावर काहीतरी काळं तरंगताना वाटलं. दुर्बीण डोळ्याला लावली, तर नुसतं राखाडी पाणी वरखाली धावत होतं. तो काळा ठिपका एकदाही नजरेत ठरला नाही. दोन मिनिटांनी होडीचा पंखा एका जाळ्यात अडकला. ते काळं म्हणजे जाळ्याचे बोये होते. पंखा सोडवायला ते जाळं कापावं लागलं. दुसऱ्या दिवशी मालकाला शोधून भरपाई दिली, पण ऐन हंगामात त्याचे चार दिवस बुडाले ते बुडालेच. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. या विषयावर मी बोलत फिरतो तो त्याच्यामुळे.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ७×५० म्हणजे वस्तू ७ पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. बाजारात सगळे पहिल्या आकड्याकडे बघतात. होडीवर तोच आकडा घात करतो, कारण दुर्बीण वस्तूला मोठं करते तसाच होडीचा हेलकावाही मोठा करते. २० पटीच्या दुर्बिणीत तुमच्या मनगटाची साधी थरथरसुद्धा २० पट होते. जमिनीवर कठड्याला टेकून १० पट छान चालेल. लहान होडीवर ७ पट ही हाताची मर्यादा आहे, फार तर ८.

पट वाढली की दिसणारा पट्टाही आक्रसतो. चांगल्या ७×५० मधून साधारण ७ अंश दिसतं, म्हणजे १ किलोमीटरवर सुमारे १२० मीटर रुंदीचं पाणी एका नजरेत येतं. ३ अंशांच्या दुर्बिणीत तेच ५० मीटरवर येतं. लाटांमध्ये बोया शोधायचा, तर आधी तो चित्रात यायला हवा ना?

आणि दूरचं म्हणजे किती दूरचं? पृथ्वी गोल आहे. तुमचा डोळा पाण्यापासून २ मीटर उंचीवर असेल, तर क्षितिज ५ किलोमीटरवर संपतं. त्यापलीकडचा बोया ५० पटीनंही दिसणार नाही, तो पाण्याच्या फुगवट्याआड आहे. आग्वादचा दिवा लांबून दिसतो तो टेकडीच्या उंचीमुळे.

आता दुसरा आकडा, ५०. यावर मी जरा रेंगाळणार आहे. ही दुर्बीण हातभर लांब धरा, उजेडाकडे करा आणि डोळ्याकडच्या भिंगात बघा. मधोमध उजेडाची एक गोल टिकली दिसते. ५० भागिले ७, म्हणजे ७ मिलिमीटरहून थोडी मोठी. डोळ्यात शिरणारा सगळा प्रकाश त्या टिकलीतून येतो. आता ही खिशातली, १०×२५. हिची टिकली अडीच मिलिमीटर, मसुरीच्या दाण्याहूनही लहान. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, त्यामुळे दुपारी दुकानाच्या दारात दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. तिन्हीसांजेला बाहुली उघडते. तरुण डोळ्यात ती ७ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि मग छोटी टिकली डोळ्याला उपाशी ठेवते. नेमकी हीच वेळ होड्या परतण्याची.

पन्नाशी-साठीनंतर बाहुली ५ मिलिमीटरच्या आसपासच उघडते. मग वयस्कर तांडेलाला ७ ची टिकली कशाला, असं काही जाणकार म्हणतात. हिशेबानं त्यांचं खरं आहे. पण होडी हलते तेव्हा डोळाही दुर्बिणीमागे सरकत असतो. टिकली लहान असली तर तो सारखा तिच्याबाहेर पडतो आणि चित्र काळं होतं. मोठ्या टिकलीत डोळ्याला हलायला जागा मिळते. म्हणून माझ्या वयाच्या माणसालाही मी ७×५०च सांगेन. वजन किलोभर भरतं, तेवढी एक अडचण आहे. मान दुखत असेल तर ७×३५ किंवा ८×४२ घ्या, टिकली ५ च्या खाली जात नाही.

भिंगांवरचा लेप पाहा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो, आणि एका नळीत अशी दहाएक पृष्ठं असतात. म्हणजे तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गेला. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याची रीत काढली. चांगला लेप तिरका धरल्यावर मंद हिरवा किंवा जांभळट दिसतो. आरशासारखी लालभडक चमकणारी भिंगं दिसली तर खाली ठेवा. ती लाली उजेड परत फेकते आहे, आत जाऊ देत नाही.

लोलकाबद्दल, म्हणजे नळीतल्या, उलटं चित्र सुलटं करणाऱ्या काचेबद्दल, थोडक्यात. रुंद खांद्यांची जुन्या घडणीची दुर्बीण पोरो लोलकाची, सरळ नळ्यांची रूफ लोलकाची. सरळ नळ्यांची हलकी असते, पण मध्यम किमतीत पोरोचंच चित्र सरस निघतं. उजेडाची टिकली पूर्ण गोल आहे का बघा. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतला लोलक हलक्या प्रतीच्या काचेचा आहे.

पाण्याचं मात्र नीट ऐका. ‘पाणीरोधक’ या शब्दावर विसंबू नका, शिंतोडे सोसणारीलाही तसंच म्हणतात. आयपीएक्स ७ लिहिलेलं असावं, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जात नाही. आणि आत नायट्रोजन भरलेला असावा. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांचा. साध्या दुर्बिणीत दमट हवा शिरते आणि भिंगावर बुरशी धरते. एका मित्राची दुर्बीण दोन पावसाळे कपाटात, चामडी पेटीत पडून होती. मोठ्या भिंगातून टॉर्च मारून मी आत बघितलं, तर कोळ्याचं जाळं काचेवर चिकटवल्यासारखे पांढरे धागे कडेपासून मधोमध आलेले. पुसून धागे गेले, त्यांचे वळ राहिले, कारण बुरशी लेपच खाते. म्हणून चामडी पेटी नको. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा. जुनी दुर्बीण घ्यायची असेल तर आधी हीच टॉर्च मारा.

समुद्रावरून आल्यावर भिंग शर्टाच्या टोकानं पुसू नका. वाळलेलं मीठ खरखरीत असतं, लेपावर ओरखडे पाडतं. पाणी न शिरणारी असेल तर गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, मग मऊ कापड.

चष्मेवाल्यांनी डोळा भिंगापासून लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का, ते चष्मा घालूनच तपासावं. त्या मोकळ्या अंतराचा आकडा १८ मिलिमीटरच्या आसपास असला तर चष्मा काढावा लागत नाही. दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा लावायची दुर्बीण एकट्या माणसाला उत्तम. एकदा लावली की थोड्या अंतरापुढचं सगळं स्पष्ट. होडीवर चार जण आलटूनपालटून बघणार असतील तर मधल्या चाकाची बरी.

मघाशी एकानं होकायंत्रवाल्या दुर्बिणीचं विचारलं. उपयोगी आहे, पण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात चालणारी आहे ना, हे विचारून घ्या. युरोपसाठी तोललेली होकायंत्राची चकती आपल्याकडे कलून घासू शकते. अशा दुर्बिणीच्या चित्रात बारीक रेघा असतील, तर त्यांनी अंतर मोजता येतं. एक रेघ म्हणजे अंतराचा हजारावा भाग असेल आणि १० मीटर उंचीची डोलकाठी ५ रेघा भरली, तर १० गुणिले १००० भागिले ५, म्हणजे २ किलोमीटर. चित्र स्थिर ठेवणाऱ्या बॅटरीच्या दुर्बिणीही मिळतात. १२-१४ पटीत चित्र खरोखर ठरतं, पण किंमत जबर आणि सेल संपले की ती साधी जड दुर्बीण उरते. त्या पैशात पहिली दुर्बीण घेऊ नका.

आणखी एक, घरी मुलांना बजावून सांगा. मिरामारवर सूर्यास्त बघायला ही कधीही डोळ्याला लावायची नाही. सूर्य क्षितिजाला टेकलेला असला तरी नाही. डोळा क्षणात जातो.

साडेसहा वाजून गेलेत, पाऊसही उघडलाय. तिन्ही दुर्बिणी घेऊन नदीकाठी चला. आधी मांडवीवरच्या अटल सेतूच्या तारा बघा, कडेच्या तारा मधल्यांइतक्या रेखीव दिसतात का. मग पलीकडे बेतीला बांधलेल्या होड्यांवरची नावं वाचा. प्रत्येक दुर्बिणीतून वाचा आणि अंधार पडेपर्यंत वाचत राहा. कुठल्या दुर्बिणीतली अक्षरं आधी विझतात, ते मला येऊन सांगा.