पाटी कंपनीची, बिल कुणाचं?

मित्रहो, ड्रोनचं सुटं सामान घेताना सगळे विचारतात, “ओरिजिनल आहे ना?” त्याच्या आधी विचारायला हवं, विकतोय कोण? कंपनीचा लोगो छापलेला फ्लेक्स कुणीही लावतो, आणि वेबसाइटवर तर फ्लेक्सचाही खर्च नाही.

वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन तिरक्या रेघा सोडा, मग येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचं ‘डॉट कॉम’ शोधा. त्याला डावीकडून लागून असलेलं नाव मालकाचं. डीजेआय ही ड्रोन बनवणारी चिनी कंपनी. ‘स्टोअर डॉट डीजेआय डॉट कॉम’मध्ये तिथे नुसतं ‘डीजेआय’ आहे, म्हणजे दुकान कंपनीचंच. पण आडवी रेघ देऊन डीजेआयला ‘इंडिया’, ‘ऑफिशियल’ असं शेपूट जोडलं असेल, तर तो वेगळाच पत्ता. असा पत्ता पैसे भरून कुणालाही मिळतो. शेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. मधल्या मध्ये कुणी माहिती वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलाय ते नाही.

ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर गफलत होते ती वेगळी. वर ब्रँडचं नाव दिसतं, ते वस्तूचं. विक्रेता ‘सोल्ड बाय’पुढे असतो, आणि एकाच वस्तूखाली चार-पाच विक्रेते असू शकतात. त्या नावावर टिचकी मारा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. जीएसटी क्रमांक मिळाला तर जीएसटी पोर्टलवर टाका. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पत्ता पुण्याचा आणि सुरुवात ०७, म्हणजे दिल्लीची, असेल तर आधी खुलासा मागा. नोंदणी रद्द झालेली दिसली तर विषयच संपला.

‘अधिकृत विक्रेते’ असं प्रमाणपत्र काउंटरमागे फ्रेम करून टांगलेलं असतं. ते वाचत बसू नका. ब्रँडच्या साइटवर ‘कुठे खरेदी कराल’ या पानावर दुकानाचं नाव आणि पत्ता, दोन्ही जुळतात का बघा. आपल्याकडे ९ फेब्रुवारी २०२२पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढेच अपवाद. सुट्या भागांना ती लागू नाही. त्यामुळे सुटं सामान कायदेशीर मार्गानेही येतं, पण ‘इंडिया ऑफिशियल’ ही पाटी दिसली की दोनदा बघावं. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कोणत्या देशातला माल ते छापलेलं हवं. नसेल तर वॉरंटीसाठी कुणाचं दार ठोठावणार?

सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालायचं ते बॅटरीसाठी. लिथियम बॅटरीवर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, खुणेसोबत ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. ते लेबलशी ताडून बघा. मग बॅटरी ड्रोनमध्ये घालून डीजेआय फ्लाय ॲपमध्ये बॅटरीची माहिती उघडा. अनुक्रमांक लेबलवरचाच आहे का? चार्जिंगच्या फेऱ्या किती? ‘सीलपॅक’ बॅटरीच्या चाळीस फेऱ्या झालेल्या दिसल्या, तर ती वापरून परत पॅक केलेली. हे सगळं उघडतानाचा व्हिडिओ न तोडता काढा, परत करताना तोच कामी येतो.

आणखी एक. डीजेआयच्या मिनी ३ या छोट्या ड्रोनची साधी बॅटरी २४५३ची आणि ‘प्लस’ ३८५० एमएएचची. प्लस घातली की ड्रोनचं वजन २५० ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे सरकारी नियमांतला सगळ्यात हलका नॅनो गट सोडून त्याच्या वरच्या मायक्रो गटात. लग्नाचं शूटिंग हे व्यावसायिक काम. मायक्रो ड्रोनने ते करायचं तर रिमोट पायलटचं, म्हणजे ड्रोन उडवणाऱ्याचं, प्रमाणपत्र लागतं. “जास्त वेळ उडेल” म्हणणारा दुकानदार हे क्वचितच सांगतो.

पंख्यांच्या पात्यांचं म्हणाल, तर मिनीच्या पात्यांच्या पाकिटात स्क्रू असायलाच हवेत. जुने स्क्रू परत वापरले तर कंपनाने सैल होतात. बिनस्क्रूचं स्वस्त पाकीट घेऊ नका. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच, दुसऱ्या कंपनीचा चालतो, फक्त तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा. वजन जास्त झालं की गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेच्या, मोटरवर ताण येतो. बॅग, लँडिंग पॅड मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून खुशाल घ्या, तिथे अधिकृतपणाचे जादा पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.